एल्मिनाच्या किनाऱ्यावर देवाचा वाटा

मालवण

मालवणच्या बाजारात हल्ली मला कुणी नावाने हाक मारत नाही. मासळीवाली असो की पानवाला, "काय आफ्रिकेकार, बरे मां?" असं विचारतात आणि हसतात. मग पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "थंयसर शिंव बघितलंस?" सिंह मी एकही बघितला नाही, त्यामुळे पुष्कळ लोकांची माझ्याकडून निराशा झाली आहे. पण जे बघितलं ते सांगायला बसलो की माझंच मला खरं वाटत नाही. म्हणून एकदाचं लिहून टाकतो, म्हणजे बाजारात उभं राहून सांगायला नको.

गोवा मोकळा झाला त्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट. मी मालवणात एका वकीलसाहेबांकडे कारकून. अर्ज, करारनामे, भागीदारीपत्रं लिहिणं हे माझं काम. अक्षर वळणदार आणि इंग्रजी बरं, एवढ्या दोन गोष्टींवर मी स्वतःला शहाणा समजत असे. जगाच्या पाठीवर कुठेही जा, कागद नीट लिहिला तर काम होतं अशी माझी पक्की समजूत होती.

आमची वाडी तोंडवलीच्या अलीकडे. तिथे माझी थोरली बहीण, आक्का, एकटी राहत होती. तिचे यजमान गंगाराम बोटीवर इंजिनखात्यात होते. मी त्यांना भावोजी म्हणतो. लग्नानंतर वर्षभरातच ते बोटीवर गेले, ते कधी दीड वर्षाने महिनाभर यायचे, कधी तेही नाही. मग एका सफरीत पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याला ते तापाने आजारी पडले आणि बोट त्यांना ताकोराडी बंदरातल्या इस्पितळात ठेवून पुढे निघून गेली. माणूस वाचला, पण परतला नाही. घाना नावाच्या त्या देशात, एल्मिना म्हणून एक कोळ्यांचं गाव आहे, तिथे होडीला लावायची इंजिनं दुरुस्त करत राहिला.

शेवटी त्यांचं पत्र आलं. तिथे रीतसर कारखाना नोंदवायचा आहे. सरकारी दाखला मिळाला तर राहायची परवानगी वाढेल आणि आक्काला तिकडे नेता येईल. नाही मिळाला तर परवानगी संपताच देश सोडायचा, आणि मग पुन्हा बोट. "सदाक धाडून दी. कागदाचा काम तेका कळता," असं आक्काला लिहिलं होतं. तिकीटही त्यांनीच पाठवलं.

निघताना आक्काने सामान बांधून दिलं. आमसुलं, मसाला, सुके सोडे, घरचे तांदूळ. ती फार बोलणारी नव्हे. एवढंच म्हणाली, "सदा, दाखलो घेवनच ये. हात हालवत इलंस तर दारात उबो ऱ्हव नको." मी हसलो. ती हसली नाही.

एल्मिना

बोटीचा प्रवास सांगत बसत नाही. मालवणच्या माणसाला समुद्र लागत नाही असं मी मुंबईत सगळ्यांना सांगितलं होतं आणि पुढे जे झालं ते खलाशांनी बघितलं आहे, तेवढं पुरे.

एल्मिनाला पोचलो तेव्हा सकाळ होती. लॉरीतून उतरलो आणि पिशवी हातात धरून तसाच उभा राहिलो. समोर समुद्रात पाय घालून बसलेला एक पांढरा किल्ला, त्याच्या पायथ्याशी खाडी, खाडीवर पूल, आणि पुलाच्या दोन्ही अंगांना होड्याच होड्या. माडांची रांग आमच्यासारखीच. वाळू आमच्यासारखीच. क्षणभर वाटलं, मी उलटा फिरून मालवणातच आलो आणि माझ्या गैरहजेरीत कुणी तरी किल्ला चुन्याने रंगवून काढला.

पण होड्या आमच्यासारख्या नव्हत्या. एकाच झाडाचं खोड कोरून केलेली होडी, आणि ती केवढी? आमच्या वाडीतली सगळी माणसं बसली तरी वर पाहुण्यांना जागा उरेल. बाहेरून लाल, पिवळ्या, निळ्या रंगांची नक्षी, त्यावर अक्षरं, वर निशाणं. आणि समोरचा समुद्र म्हणजे नुसता खवळलेला. आमच्याकडे खडक पुढे उभे राहून लाटांना अडवतात, इथे अडवायला कुणीच नाही. भिंतीएवढी लाट येते, तिच्या तोंडावर ही माणसं होडी घालतात, होडीचं नाक आभाळाकडे जातं, आता उलटणार म्हणून मी डोळे मिटतो, आणि उघडतो तेव्हा होडी लाटेपलीकडे गेलेली असते आणि तिच्यावरची माणसं गात असतात. मी खरोखर टाळ्या वाजवल्या. शेजारी उभ्या असलेल्या बायका माझ्याकडे बघून लोटपोट हसल्या.

"सदा!" मागून हाक आली. भावोजी. काळे आधीच होते, आता अगदी तिथलेच झाले होते. अंगावर तेलाचे डाग, डोक्यावर वेताची टोपी. मला मिठी मारली आणि पहिला प्रश्न विचारला, "आमसुलां हाडलंस?"

त्यांच्याबरोबर एक बाई होती. पन्नाशीची, उंच, डोक्याला फुलाफुलांचं फडकं, चालणं असं की समोरचा आपसूक बाजूला व्हावा. ही एफुआ. तिच्या मालकीच्या होड्या होत्या. तिथे होड्यांच्या मालकिणी बायका असतात, मासळीचा भाव बायका ठरवतात, आणि पुरुष मासे आणून त्यांच्यापुढे ओतून गुमान बाजूला उभे राहतात. मासळीबाजारातल्या बायकांचा दरारा मी मालवणात बघितला आहे, पण होडीच बाईची हे काही ऐकलं नव्हतं. भावोजी इस्पितळातून बाहेर पडून परतीच्या बोटीची वाट बघत होते, तेव्हा एफुआचं नवं इंजीन वाळूत बंद पडलं होतं आणि कुणालाच दुरुस्त होत नव्हतं. भावोजींनी ते संध्याकाळच्या आत चालू केलं. त्या दिवसापासून ते तिच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये आहेत. नव्या कारखान्यात ती भागीदार होणार होती.

"तुझा जन्म कुठल्या वाराचा?" तिने मला इंग्रजीत विचारलं.

"सोमवारचा."

"मग तू कोजो," ती म्हणाली आणि विषय संपला. तिकडे जन्मवारावरून नाव पडतं. भावोजी बुधवारचे म्हणून क्वेकू. ती शुक्रवारची म्हणून एफुआ. किनाऱ्यावर अर्ध्या तासात सगळे मला कोजो म्हणायला लागले आणि तिथे असेपर्यंत सदानंद हे नाव फक्त पासपोर्टात राहिलं.

जेवायला मक्याच्या आंबवलेल्या पिठाचे गोळे, केळीच्या सुक्या पानांत बांधून उकडलेले. बरोबर तळलेला मासा आणि वाटलेली मिरची. पान सोडलं की वाफ येते, आणि पातोळ्यांची आठवण होते, पण गोड म्हणून तोंडात घालाल तर आंबट लागतं. दुसऱ्या दिवशी मी तोऱ्यात आमच्या मसाल्याचं माशाचं तिखलं केलं आणि एफुआच्या घरच्यांना ताकीद दिली, "जरा जपून, मालवणी तिखट आहे." त्यांनी ते खाल्लं, एकमेकींकडे बघितलं, आणि एफुआने अतिशय आदबीने विचारलं, "कोजो, यात मिरची घालायची राहिली का?"

आक्रा

नोंदणी व्हायची ती आक्रा या राजधानीच्या शहरात. एल्मिनाहून लाकडी टपाची लॉरी जाते. तिच्या कपाळावर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, "आई, मी आलोच". आत फळ्यांवर माणसं, माणसांच्या पायांत कोंबड्या, आणि सगळ्यांच्या बरोबर सगळ्यांच्या गप्पा.

नोंदणी कशी करतात हे मी तिथे शिकलो, तुम्हालाही सांगतो, कधी उपयोगी पडेल सांगता येत नाही. आधी नाव सांगायचं. ते नाव आणखी कुणी घेतलेलं नाही ना, हे जाड पुस्तकांतून बघतात. मग धंदा काय, जागा कुठे, ती जागा कुणाची, आणि तिथल्या वडीलधाऱ्यांची संमती आहे का. मग भागीदार कोण, कुठल्या देशाचे, कुठे राहतात, आणि सगळ्यांच्या सह्या. परदेशी माणूस असेल तर राहण्याच्या परवानगीचा कागद. हे सगळं जमलं की दाखला, आणि तो दाखला दुकानात येणाऱ्याच्या नजरेस पडेल असा टांगायचा.

कचेरी मोठी स्वच्छ होती. पंखे गरगरत होते. ज्यांच्याकडे आमचं काम होतं ते साहेब पांढरीशुभ्र अर्धी विजार आणि गुडघ्यापर्यंत मोजे घातलेले, वयाने माझ्याएवढेच. थोड्या वर्षांपूर्वी त्या खुर्चीत गोरा साहेब बसत असणार. आता खुर्चीत हे, आणि बसण्यात अशी काही ऐट की मला, परक्या माणसाला, उगीच अभिमान वाटला. आपल्याकडेही असंच वाटलं होतं, जेव्हा मामलेदार पहिल्यांदा खादीत आले.

नाव आम्ही दिलं होतं 'एल्मिना मालवण इंजीन वर्क्स'. साहेबांनी पुस्तकं चाळली. "हे मालवण म्हणजे काय?"

"आमचं गाव, साहेब."

"या नावाची दुसरी कुठलीच पेढी या देशात नाही," ते म्हणाले. मला ते सहज पटलं.

मग त्यांनी भागीदारीपत्र हातात घेतलं. ते मी लिहिलं होतं. एल्मिनात बसून, मन लावून, आमच्या कचेरीच्या शिरस्त्याप्रमाणे, आणि एफुआच्या भाच्याकडच्या टाइपरायटरवर स्वच्छ टंकलेलं. आमच्या किनाऱ्यावर रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची, भागी असो की होडीची, मासळीचे वाटे घालताना पहिला वाटा देवाचा निघतो, मग माणसांचे. वकीलसाहेबांकडे मी असली कितीतरी पत्रं लिहिली. पहिल्या ओळीत देव, मग बाकीचे. त्यातून भावोजींनी इस्पितळात तापात असताना नवस केला होता की जगलो तर पहिला वाटा गावच्या रवळनाथाचा. तेव्हा मी बिनदिक्कत लिहिलं, भागीदार पहिला, श्री देव रवळनाथ. दुसरा गंगाराम. तिसरी एफुआ. वाटे पुढे घातले. इंग्रजीत ते फारच भारदस्त दिसत होतं.

साहेबांनी चष्मा वर केला. "पहिले भागीदार आले नाहीत?"

"नाही, साहेब."

"आजारी आहेत?"

"नाही."

"परदेशी आहेत?"

"गावी असतात. गाव सोडून जात नाहीत."

"वय?"

मी भावोजींकडे बघितलं. भावोजी छताकडे बघत होते. एफुआने हळूच विचारलं, "फार म्हातारे आहेत का रे ते?" मी म्हटलं, "फार." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मालवणात जो कागद डोळे मिटून पास होतो तो इथे का अडला ते कळलं, आणि कानापर्यंत लाल झालो. मग सगळं सांगितलं. देऊळ, वाटा, नवस.

साहेब हसले नाहीत. मी त्याची तयारी ठेवली होती, पण ते हसले नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "मी दर रविवारी प्रार्थनेला जातो. त्या देवाचं नावही मला या कागदावर घेता येणार नाही. उद्या तुमचं भांडण झालं, कुणी दावा लावला, तर समन्स कुणाला पाठवू? जो सही करत नाही आणि ज्याला कोर्टात बोलावता येत नाही, तो कागदावरचा भागीदार होत नाही. पहिल्या नावावर एक रेघ मारा, बाजूला दोघं सही करा. दुपारी दाखला घेऊन जा."

किती सोपं! मी पेन भावोजींच्या हातात दिलं. त्यांनी ते कागदावर टेकवलं, आणि हात तिथेच थांबला. पंख्याचा आवाज येत राहिला.

"माज्यान जावचा नाय, सदा," ते म्हणाले.

"भावोजीनू, फकत कागदावयलो देव. देवळातलो नाय."

"वाटो लिवलो म्हणजे दिलो. दिलेलो वाटो तेका न इचारता परत घेवचो? तेच्याच किरपेन जगलंय मी."

"मगे मी नवो कागद लिवतंय. नाव नसलेलो."

"तां खोडण्यासारख्याच झाला." पेन त्यांनी टेबलावर ठेवून दिलं.

मला राग आला. खोटं कशाला बोलू, चांगलाच आला. राहायची परवानगी महिनाअखेरीला संपत होती. तिकडे आक्का दाराकडे डोळे लावून, आणि हा गृहस्थ एका रेघेसाठी सगळं घालवायला निघाला. परतीच्या लॉरीत मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही. एफुआ आमच्या मधोमध बसली होती आणि दोघांना शेंगा सोलून देत होती.

पुन्हा एल्मिना

घरी पोचल्यावर एफुआ म्हणाली, "चला, आपण म्हाताऱ्यांना विचारू." म्हातारे म्हणजे तिथल्या सगळ्या होड्यांचे प्रमुख, एक वयोवृद्ध गृहस्थ. समुद्रावर कुणी कधी जायचं, भांडण कुणाचं खरं, हे ते ठरवतात. माझी मनातून खात्री होती की ते तरी भावोजींना चार शब्द सुनावतील.

झाडाखाली स्टुलावर बसले होते. एका खांद्यावरून घेतलेलं कापड, दुसरा खांदा उघडा, आणि नजर शांत. एफुआने त्यांच्या भाषेत सगळं सांगितलं. ते थेट आमच्याशी बोलले नाहीत. त्यांच्या शेजारी एक मानकरी होता, त्याला सांगायचे, तो एफुआला सांगायचा, ती आम्हाला.

"तुमचा देव समुद्राचा की जमिनीचा?" त्यांनी विचारलं.

"गावाचा. राखण करतो," भावोजी म्हणाले.

"त्याला न विचारता तुम्ही काही करता का?"

"नाही. कौल घेतो," मी म्हणालो. "पुजारी, म्हणजे गुरव, देवाच्या पाषाणाला भिजलेल्या कळ्या चिकटवतो आणि आम्ही प्रश्न विचारतो. उजवीकडची कळी पडली की हो. डावीकडची पडली की नाही."

म्हाताऱ्यांनी मान डोलावली, जणू मी त्यांच्याच गल्लीतली गोष्ट सांगतोय. "मग या माणसाने रेघ मारली नाही ते बरं केलं. मीही मारली नसती." माझ्या तोंडाचा आ तसाच राहिला. "पण तुम्ही मला का विचारता? त्याला विचारा. तुमच्या गावात त्याला विचारणारं कुणी नाही का?"

भावोजी माझ्याकडे वळले. "आक्का आसा," ते हळू म्हणाले.

त्याच दुपारी आम्ही तार केली. मजकूर मी लिहिला, इंग्रजीत, जेवढ्या कमी शब्दांत जमेल तेवढ्या. कागदावरून देवाचं नाव काढायचं आहे, वाटा पोचत राहील, कौल घे, उजवा की डावा ते कळव, महिनाअखेर मुदत.

मग वाट बघणं आलं. मधे मंगळवार आला. मंगळवारी तिथे कुणी समुद्रावर जात नाही, तो दिवस समुद्राचा. सगळ्या होड्या वाळूवर ओळीने, माणसं सावलीत जाळी शिवत बसलेली, आणि एवढा आडदांड समुद्र समोर एकटाच. आठवड्यातला एक दिवस आख्खा किनारा समुद्राला त्याचा त्याला सोडून देतो, हे मी मालवणात कधी बघितलं नव्हतं. त्या दिवशी एफुआ मला किल्ल्यापर्यंत घेऊन गेली. किल्ला पोर्तुगीजांनी बांधलेला. मी सराईतासारखा बुरूज बघू लागलो, तट किती जाड, तोफा कुठे. किल्ल्याच्या गावचा माणूस मी. तिने मला समुद्राकडच्या भिंतीतली एक फट दाखवली, माणूस आडवा होऊन जेमतेम जाईल एवढी. "इथून आमची माणसं गुलाम करून बोटीत चढवली," ती म्हणाली. "परत कुणी आलं नाही." आमचा किल्ला आम्ही पोराटोरांना कौतुकाने दाखवतो. त्या फटीसमोर मी टोपी काढली आणि तिच्याबरोबर उभा राहिलो.

महिना संपायला थोडे दिवस असताना तार आली. त्यात एकच शब्द होता, रोमन अक्षरांत लिहिलेला आमचा शब्द. उजवो.

भावोजींनी तार कपाळाला लावली. मग ते वाळूत बसले आणि दोन्ही हातांत तोंड धरून रडले. माझा राग कुठल्या कुठे गेला. आम्ही दुसऱ्याच सकाळी आक्र्याला गेलो. भावोजींनी पेन घेतलं, ओठांतल्या ओठांत काही म्हटलं, आणि सरळ रेघ मारली. एफुआने सही केली, भावोजींनी केली. साहेबांनी शिक्का मारून दाखला दिला, उठून उभे राहिले आणि म्हणाले, "तुमच्या पहिल्या भागीदारांना माझा नमस्कार सांगा."

दाखला शेडच्या दर्शनी भिंतीवर टांगला. त्या दिवशी म्हातारे स्वतः आले, सगळा किनारा आला. मानकऱ्याने हातात दारूचा पेला घेतला आणि जमिनीवर थोडी थोडी ओतत तो मोठ्याने बोलू लागला. एफुआ मला अर्थ सांगत होती. तो आकाशाला बोलावत होता, जमिनीला, खाडीच्या देवाला, गेलेल्या पूर्वजांना. या, प्या, हे परकं लेकरू तुमच्या दारात आलंय, त्याच्या हाताला यश द्या, वाईट चिंतणाऱ्याला दूर ठेवा. दर वाक्यानंतर सगळे एका सुरात होकार देत होते. आणि मी काय सांगू! ते आमच्या देवळात गुरव देवापुढे घालतो तेच गाऱ्हाणं होतं. तीच चाल, तोच दम घेणं, तेच मागणं. पुढच्या वाक्याला सगळ्यांनी होकार दिला तेव्हा माझ्या आणि भावोजींच्या तोंडून एकदमच निघालं, "व्हय म्हाराजा!"

सगळे थांबून आमच्याकडे बघायला लागले. मला वाटलं, केला घोटाळा. म्हाताऱ्यांनी एफुआला काही विचारलं, तिने काही सांगितलं. ते मानकऱ्याच्या कानाशी वाकले. मानकऱ्याने पुन्हा पेला वाकवला, आणि त्याच्या भाषेतल्या त्या ओघात मला स्पष्ट ऐकू आलं, "रवळनाथ". त्याने आमच्या देवाला आवतण दिलं होतं. आणि त्या शेकडो माणसांनी, हसत हसत, जमेल तसं ओरडून म्हटलं, "व्हय म्हाराजा!" मी आयुष्यात पुष्कळ गाऱ्हाणी ऐकली. एवढ्या मोठ्या समुद्राच्या आवाजावर चढलेलं ते एकच.

मालवण

परत आलो तो आगबोट मालवणच्या खडकांबाहेर उभी राहिली आणि पडावातून उतरलो. थेट वाडीवर गेलो. आक्का अंगणात आमसुलं उलटत होती. दाखल्याची नक्कल मी तिच्यापुढे धरली. तिला इंग्रजी वाचता येत नाही. हात पदराला पुसून तिने तो कागद घेतला आणि त्यावरच्या शिक्क्यावरून बोट फिरवत राहिली.

मी तिला सगळं सांगितलं. होड्या, एफुआ, साहेब, ती रेघ, ते गाऱ्हाणं. सांगता सांगता मीच भरून आलो. म्हटलं, "आक्का, देवान उजवो कौल दिलो म्हणान हां सगळा झाला. चल, उद्या नारळ दिवया."

तिने कागदाची घडी केली. मग तो मला परत दिला.

"डावो पडलो," ती म्हणाली.

"काय?"

"कौल. डावो पडलो. गुरव म्हणालो, परत लावतंय. परत डावो. म्हणालो, आक्का, देव नाय म्हणता. मी म्हटलंय, तू जरा भायर जा, माका बोलाचा आसा." ती आमसुलं उलटत राहिली. "देवाक सांगलंय, लगीन झाला तेव्हा तुजो कौल घेवनच घोव बोटीर गेलो. तू ऱ्हव म्हणालंस, मी ऱ्हवलंय. इतकी वर्सां तुजा ऐकलंय. आता एकदा माजा ऐक. तुजो वाटो मी माज्या हातान दितलंय, खंयय आसलंय तरी दितलंय. पण त्या कागदार माका माजो घोव होयो."

"मगे उजवो पडलो?"

"तिसऱ्यांदा लावकच दिलंय नाय. पदर खोवलंय आनि चालत तारऑफिसात गेलंय."

मी सात समुद्र बघून आलो होतो. आफ्रिकेतल्या लाटांनी मला जेवढं थक्क केलं नव्हतं, तेवढा मी त्या अंगणात थक्क झालो. माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "भावोजींका कळला तर?"

"तेंका मीच सांगतलंय. थंयसर गेल्यावर, समोर बसान." ती उठली. "आनि नारळ उद्या कित्याक, आताच जावया. देव रागावलो आसात तर माज्यार रागावांदे. तेंच्यार नको."